शाळेत सुरक्षा परिषद भरवायची असेल तर

आमच्या तालुक्यात दर वर्षी ‘जागतिक शांतता आणि आजचा युवक’ अशा धर्तीच्या विषयांवर वक्तृत्व स्पर्धा होते. मी माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवते, त्यामुळे परीक्षक म्हणून माझं जाणं ठरलेलं. चार वर्षांपूर्वी आठवीतली एक मुलगी भाषणाच्या मध्येच अडकली. पुढचं वाक्य आठवेना, हाताची बोटं ओढणीत गुंतायला लागली. मी म्हटलं, “पाठ केलेलं राहू दे बाळा. तुला स्वतःला काय वाटतं ते सांग.” थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, “माझे पप्पा साऊथ सुदानला ड्यूटीवर आहेत. तिथली भांडणं मिटली तर ते लवकर सुट्टीवर येतील.” आणि खाली बसली.

सातारा जिल्ह्यात हे नवल नाही. अपशिंगे गावाच्या नावाला लोक आजही ‘मिलिटरी’ जोडतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसं गेली. आमच्या वर्गांत लढाई हा निबंधाचा विषय नसतो, घरातला असतो. मुलांना शांतता मनापासून हवी आहे, आणि ती बोलून दाखवायला आम्ही त्यांच्या हातात पाठ केलेली भाषणं देतो, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी वर्गात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची प्रतिकृती भरवते: मुलं देशांचे प्रतिनिधी होतात आणि युद्ध थांबवायचा ठराव करतात. मराठीतून. मोठ्या शहरांतल्या इंग्रजी शाळांमध्ये हे बऱ्याच वर्षांपासून चालतं. आपल्याकडे कसं करावं, ते लिहिते आहे.

सगळ्यात आधी विषय. पहिल्या वर्षी मी तेव्हा चालू असलेलं युद्धच घेतलं आणि पस्तावले. मुलं मोबाईलवर फिरणारे निरोप घेऊन आली, मॅचमधल्यासारखे दोन गट पडले आणि दोन जिवलग मैत्रिणी महिनाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. तेव्हा चालू युद्ध घेऊ नका. संपलेलं घ्या, ज्याची कागदपत्रं उघडी आहेत आणि शेवट तुम्हाला माहीत आहे, मुलांना नाही. मी १९५६ चा, इजिप्तमधल्या सुएझ कालव्यावरून झालेला पेच घेते. अजून तरी याहून चांगला विषय मला सापडलेला नाही.

कारण सांगते. त्या वर्षी परिषदेत आजच्यासारखे १५ नाही, ११ सदस्य होते. अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन हे कायमचे (चीनची खुर्ची तेव्हा तैवानमधल्या सरकारकडे होती), आणि निवडून आलेले सहा: ऑस्ट्रेलिया, बेल्जियम, क्यूबा, इराण, पेरू, युगोस्लाव्हिया. ठराव मंजूर व्हायला सात मतं लागत. अकरा मुलं एका वर्गात आरामात बसतात. शिवाय इजिप्त आणि इस्राएल यांना बोलायला बोलवायचं, मत नाही. एक महासचिव, एक अध्यक्ष. झाली चौदा-पंधरा मुलं. उरलेला वर्ग आमसभा, म्हणजे सगळ्या सदस्य देशांची सभा. “मॅडम, भारत कुठं?” हा प्रश्न येतोच. भारत आमसभेत. आणि आमसभेला पुढे मोठं काम आहे, एवढंच सांगायचं.

पूर्वतयारीला तीन आठवडे धरा. २४ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांचा दिवस असला तरी तो आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत नाहीतर सहामाहीच्या धामधुमीत अडकतो. मी गणपती आटोपले की २१ सप्टेंबरच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय शांतता दिनाच्या आसपासचा शनिवार धरते.

पहिला आठवडा नुसता नकाशाचा. पृथ्वीगोल टेबलावर ठेवा आणि शिवणाचा दोरा घ्या. मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा आफ्रिकेला वळसा घालून लावायला सांगा, तिथे गाठ मारा. मग तोच दोरा सुएझमधून लावा. दोरा उरतो. तो उरलेला तुकडा हातात धरून मुलं बघत राहतात. कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि मुंबई युरोपला किती जवळ आली, हे त्या तुकड्यात दिसतं. मग सांगायचं: जुलै १९५६ मध्ये अमेरिकेने इजिप्तच्या आस्वान धरणासाठी देऊ केलेले पैसे मागे घेतले, आणि २६ जुलैला इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी कालव्याची कंपनी ताब्यात घेतली. कालव्याच्या पैशातून धरण बांधू म्हणाले. कंपनीत पैसा होता ब्रिटन-फ्रान्सचा, ब्रिटनचं तेल त्याच वाटेने येई. २९ ऑक्टोबरला इस्राएलने इजिप्तच्या सिनाईत सैन्य घुसवलं. दुसऱ्या दिवशी ब्रिटन-फ्रान्सने इस्राएल आणि इजिप्त दोघांनाही बजावलं, बारा तासांत कालव्यापासून दहा मैल मागे व्हा. इथे थांबा आणि मुलांना नकाशावर दहा मैल मोजू द्या. कुणीतरी ओरडतंच, “मॅडम, कालवा तर इजिप्तच्याच हद्दीत आहे की! तो कुठं मागं जाणार?” हे तुम्ही सांगू नका. त्यांना सापडू द्या.

देश वाटताना चिठ्ठ्या टाका. आवडीचा देश देऊ नका आणि अदलाबदल करू देऊ नका. दोन वर्षांपूर्वी ब्रिटनची चिठ्ठी नेमकी त्या साऊथ सुदानवाल्या मुलीला आली. तेव्हा ती दहावीत होती. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “मला युगोस्लाव्हिया द्या ना.” मन घट्ट करून मी नाही म्हटलं. ज्याचं म्हणणं आपल्याला पटत नाही, त्याच्या खुर्चीत तीन आठवडे बसणं, हाच या सगळ्याचा गाभा आहे. तो काढून घेतला तर पुन्हा वक्तृत्व स्पर्धाच उरते.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक देशाने एक पानभर टिपण लिहायचं. प्रश्न चारच. आपल्याला काय हवं आहे? कशाची भीती वाटते? कुणाशी बोलणं सगळ्यात अवघड आहे? आणि कोणत्या वाक्यावर आपण कधीच सही करणार नाही? चौथ्या प्रश्नावर वेळ द्या. शाळेच्या ग्रंथालयात पुरेसं सापडत नाही, म्हणून मी स्वतः प्रत्येक देशासाठी पाऊण पान माहिती मराठीत लिहून ठेवली आहे. एकदा मेहनत आहे, पण ती वर्षानुवर्षं चालते. सोव्हिएत संघाच्या पानावर एक ओळ मुद्दाम घालते: याच दिवसांत त्यांचे रणगाडे हंगेरीत होते आणि ४ नोव्हेंबरला बुडापेस्टवर चालून गेले. त्या वर्षीचा सोव्हिएत संघ, एरवी वर्गात सगळ्यात मोठ्याने बोलणारा मुलगा, मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. “मॅडम, मी तिकडं आक्रमण थांबवा म्हणून बोलायचं आणि इकडं हे?” हो, म्हटलं. तसंच घडलं होतं. तो बराच वेळ खिडकीपाशी उभा राहिला.

शब्दांची भीती बाळगू नका. ठराव, सूचक, अनुमोदक, तटस्थ, सभात्याग हे शब्द आपल्या मुलांनी ग्रामसभेत आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत ऐकलेले असतात. नकाराधिकाराला, म्हणजे पाच कायमच्या सदस्यांपैकी एकाच्याही विरोधाने ठराव पाडण्याच्या हक्काला, मुलं ‘व्हेटो’च म्हणतात, म्हणू द्या. एक मात्र आधीच मोडून काढा: ठराव वाचून संपायच्या आत “मंजूर, मंजूर!” असा गजर. पहिल्या वर्षी माझ्या परिषदेने एक ठराव न ऐकताच मंजूर केला होता. आता हात वर करून, देशाचं नाव घेऊन, एकेक मत मोजायचं.

आणि एक नियम, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्या फेरीत ‘शांतता’ हा शब्द वापरायला बंदी. बंधुभाव, एकजूट, वसुधैव कुटुंबकम् यांनाही. हे शब्द मला प्रिय आहेत, म्हणूनच ते सुरुवातीला खर्च होऊ देत नाही. त्याऐवजी सांगायचं: कुणाचं सैन्य, कुठून कुठे, किती दिवसांत मागे जाईल? मधल्या पट्ट्यात कोण उभं राहील? त्यांना जेवण कोण पोचवेल? कालव्यातून जहाजं कोण सोडेल, आणि त्या माणसाचा पगार कोण देईल? पहिली दहा मिनिटं वर्ग मुका होतो. घाबरू नका. मग इराण किंवा पेरू असा एखादा हळूच हात वर करतो आणि गाडी सुरू होते.

ठराव पाच ओळींचा. फळ्यावर तीन क्रियापदं लिहून ठेवा: ‘आवाहन करते’, ‘मागणी करते’, ‘निर्णय घेते’. प्रत्येक ओळीला यातलं कोणतं लावायचं, यावर खरी चर्चा होते. गेल्या वर्षी ‘तत्काळ’ की ‘लवकरात लवकर’ यावर पस्तीस मिनिटं गेली. बेल्जियम झालेल्या मुलाने, जो एरवी हजेरीलाही जेमतेम ओ देतो, सांगितलं, “लवकरात लवकर म्हणजे आमच्या गावचा रस्ता.” सगळ्यांना पटलं. ‘तत्काळ’ राहिला.

मध्ये वीस मिनिटांची सुट्टी द्याच, आणि तुम्ही त्या वेळी खोलीबाहेर जा. नळापाशी, वडापाव खाताना जे ठरतं ते टेबलावर ठरत नाही. खऱ्या परिषदेतही बरंचसं काम मांडलेल्या खुर्च्यांपासून दूरच होतं.

मग मतदान. मुलांची बाजू कुठेही झुकली तरी, टिपण नीट लिहिलं असेल तर ब्रिटन आणि फ्रान्स नकाराधिकार वापरतात. ३० ऑक्टोबर १९५६ ला तसंच झालं: इस्राएलने मागे व्हावं म्हणणाऱ्या अमेरिकेच्या ठरावाला सात मतं पडली, दोन विरोधात, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियम तटस्थ. सात मतं पुरेशी असूनही ठराव पडला. आमच्या ब्रिटनने हात वर केला तेव्हा तिची मान खाली होती. वर्गात आवाज नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “मग आपण एवढा वेळ कशाला बसलो?”

या क्षणी समजूत घालू नका. दोन मिनिटं तसंच बसू द्या. आमची पोरं मोठी होऊन ज्या जगात जाणार आहेत, तिथे हा अनुभव त्यांना वारंवार येणार आहे. तो शाळेत, माझ्यासमोर आलेला बरा.

दोन मिनिटांनी युगोस्लाव्हियाला सांगा, पाकीट उघड. हे बंद पाकीट सकाळीच त्याच्याकडे दिलेलं असतं. आत लिहिलेलं असतं: परिषद अडली तर प्रश्न आमसभेच्या तातडीच्या अधिवेशनाकडे पाठवता येतो, १९५० च्या ठरावाने तशी सोय केली आहे, हा कामकाजाचा प्रश्न असल्याने त्याला नकाराधिकार लागू होत नाही, सात मतं पुरतात. खऱ्या परिषदेतही ३१ ऑक्टोबरला ही सूचना युगोस्लाव्हियानेच मांडली आणि ती सात मतांनी मंजूर झाली. पाकीट वाचलं जातं आणि एवढा वेळ नुसता बघत बसलेला वर्ग एकदम उठतो. आता मत त्यांचं. २ नोव्हेंबरला आमसभेने ६४ विरुद्ध ५ मतांनी युद्धबंदीचा ठराव केला, ६ तटस्थ. हे आकडे मी मुलांचं मतदान झाल्यावरच फळ्यावर लिहिते.

पुढची गोष्ट मग सांगायची. कॅनडाच्या लेस्टर पिअर्सन यांनी मध्ये उभ्या राहणाऱ्या फौजेची कल्पना मांडली, ५ नोव्हेंबरला आमसभेने तिची रचना ठरवली. पिअर्सन यांना पुढच्या वर्षी नोबेल मिळालं. भारताचे जवान त्या फौजेत १९५६ पासून १९६७ पर्यंत होते. इजिप्तच्या पोर्ट सैद बंदरात उतरलेलं ब्रिटन-फ्रान्सचं सैन्य डिसेंबर संपायच्या आत परतलं. आणि १९६७ मध्ये इजिप्तने फौजेला जायला सांगितलं, पुन्हा युद्ध झालं, त्यात तिथे असलेले आपले काही जवानही गेले. हे लपवू नका. “म्हणजे फुकट गेलं?” असं मुलं विचारतात. दहा वर्षं, मी म्हणते. तेव्हा जन्मलेलं मूल दहा वर्षांचं झालं. फुकट की नाही, ते तुम्ही लिहा.

लिहिणं दुसऱ्या दिवशी. तीन आठवड्यांपूर्वी, काहीही सांगायच्या आधी, मी सगळ्यांकडून एका चिठ्ठीवर ‘जगात शांतता यायला काय हवं?’ याचं उत्तर घेतलेलं असतं. तोच प्रश्न पुन्हा द्यायचा आणि दोन्ही चिठ्ठ्या शेजारी चिकटवायच्या. आधी ‘प्रेम’, ‘एकी’. नंतर ‘कालव्यावरच्या माणसाचा पगार कोण देणार ते आधी ठरवायला हवं’. ब्रिटनने लिहिलं होतं: ‘हात वर करताना मला पोर्ट सैदची माणसं दिसत होती, पण तेलाची जहाजं पण दिसत होती. मला दोन्ही दिसत होतं हे कुणाला सांगता आलं नाही.’

सुरक्षा परिषदेने ९ डिसेंबर २०१५ ला २२५० क्रमांकाचा ठराव केला, शांततेच्या कामात तरुणांना निर्णयात घ्या असं सांगणारा. त्यात तरुण म्हणजे १८ ते २९. हे सांगितल्यावर नववीतल्या पोरांनी लगेच हिशेब केला, कुणाला किती वर्षं उरली आहेत त्याचा.

शक्य असेल तर शेवटी गावातला एखादा माणूस बोलवा, जो अशा फौजेत जाऊन आला आहे. आमच्याकडे त्या मुलीचे वडील आले, सुट्टीवर होते. सोबत निळी टोपी आणली होती, ती बाकाबाकावरून फिरली. आतल्या पट्टीवर घामाचा डाग होता. मुलांनी तो बोटाने चाचपून पाहिला. ते म्हणाले, आपल्या फौजेत लपायला शिकवतात, तिथे दिसायला लागतं. गाड्या पांढऱ्या, टोपी निळी, लांबून कळलं पाहिजे कोण उभं आहे ते. १९५६ मध्ये घाईघाईत मिळालेल्या अमेरिकी हेल्मेटांच्या आतल्या टोपांवर निळा रंग फवारला होता, हे मुलांना माहीत होतं; मुलांनीच ते काकांना सांगितलं.

मग एकाने विचारलं, “काका, तुमच्या फौजेचा ठराव कितवा?” त्यांना आठवेना. शाळेच्या संगणकावर मुलांनी शोधला: क्रमांक १९९६, ८ जुलै २०११. इंग्रजीतला होता. अर्थ लावायला पाच-सहा जण पडद्यावर वाकले आणि आधी क्रियापद शोधायला लागले. “सापडलं,” ती म्हणाली. “‘निर्णय घेते’ आहे, पप्पा.”