अँड्रॉइड प्रकल्पातील रेस फोल्डरची मांडणी

ठाणे ते वाशी या ट्रान्सहार्बर मार्गावरील लोकलचे वेळापत्रक दाखवणारे अ‍ॅप मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत करायचे आहे, असे समजू. स्थानकांची नावे, चिन्हे, तिकिटाचे पडदे आणि रात्रीचे रंग जमू लागले की रेस फोल्डर, म्हणजे अ‍ॅपचा मजकूर, चित्रे, रंग आणि पडद्यांची मांडणी ठेवण्याची जागा, लवकरच हाताबाहेर जातो. म्हणून नावांचे नियम पहिल्या पडद्याआधीच ठरवावेत.

रेसमधील लेआउट (पडद्यांची मांडणी) किंवा ड्रॉएबल (चित्रे) या फोल्डरांच्या आत आपल्या सोयीचे उपफोल्डर करता येत नाहीत, त्यामुळे उपफोल्डरचे काम फाइलच्या नावालाच करावे लागते. नावात रोमन लिपीतील लहान अक्षरे, अंक आणि अंडरस्कोअर एवढेच वापरावे. अनेक जण आधी फाइलचा प्रकार लिहितात. माझ्या मते विभागाचे नाव आधी यावे. 'टिकेट_फ्रॅगमेंट_लिस्ट' (ticket_fragment_list) आणि 'टिकेट_आयटम_रो' (ticket_item_row) अशी नावे दिली की अक्षरक्रमात तिकिटाच्या सर्व फाइली आपोआप शेजारी येतात. प्रकल्प अनेक मॉड्यूलमध्ये (स्वतंत्र भागांत) विभागलेला असेल, तर ग्रेडल या बांधणीच्या साधनात रिसोर्स प्रीफिक्स, म्हणजे नावांचा ठरलेला उपसर्ग, नेमावा, म्हणजे तो विसरल्यास लिंट हे तपासणीचे साधन सूचना देते.

भाषेच्या फोल्डरकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. मजकूर, रंग आणि मापे ठेवणाऱ्या मूळ व्हॅल्यूज फोल्डरमध्ये प्रत्येक वाक्य असलेच पाहिजे. 'पुढील गाडी' हे शब्द फक्त व्हॅल्यूज-एमआर या मराठीच्या फोल्डरमध्ये लिहिले आणि फोन इंग्रजीत असला, तर तो पडदा उघडताच अ‍ॅप बंद पडते. याउलट मराठी फाइलीत एखादे वाक्य राहून गेले, तर मूळ फोल्डरमधील वाक्य दिसते आणि अ‍ॅप चालू राहते. फोल्डरच्या नावाला जोडायच्या विशेषणांचा क्रमही ठरलेला आहे: भाषा आधी, रात्र नंतर, पडद्याची घनता त्याहून नंतर. म्हणून व्हॅल्यूज-एमआर-नाइट चालते, व्हॅल्यूज-नाइट-एमआर चालत नाही.

मराठी मजकुरासाठी मापांची फाइलही तपासावी. 'कोपरखैरणे' या नावात अक्षरांच्या वर मात्रा आहेत, 'तुर्भे' मध्ये वर रफार आणि खाली उकार आहे. इंग्रजी अक्षरे पाहून ओळीची उंची पक्की बांधली असेल, तर हे भाग कापले जाऊ शकतात. उंची मजकुरानुसार ठरू द्यावी, आणि ते शक्य नसेल तेथे व्हॅल्यूज-एमआरमध्ये वेगळे माप द्यावे.

चिन्हे शक्यतो व्हेक्टर, म्हणजे कोणत्याही आकारात स्पष्ट राहणारी रेखाचित्रे, ठेवावीत. बिटमॅप, म्हणजे पिक्सेलचे चित्र, द्यावेच लागले, तर प्रत्येक पडद्याच्या घनतेसाठी वेगळे द्यावे: २४ डीपीचे (डीपी हे घनतेवर अवलंबून नसलेले माप) चिन्ह एमडीपीआयमध्ये २४, एचडीपीआयमध्ये ३६, एक्सएचडीपीआयमध्ये ४८, एक्सएक्सएचडीपीआयमध्ये ७२ आणि एक्सएक्सएक्सएचडीपीआयमध्ये ९६ पिक्सेलचे लागते. मिपमॅप या रेसमधील फोल्डरमध्ये केवळ अ‍ॅपचे मुख्य चिन्ह असावे. वेळापत्रकाच्या फाइली मार्गानुसार उपफोल्डरमध्ये ठेवायच्या असतील, तर त्या रेसबाहेरच्या अ‍ॅसेट्स फोल्डरमध्ये ठेवाव्यात, कारण तेथे उपफोल्डर चालतात.

न वापरलेल्या फाइली अँड्रॉइड स्टुडिओ शोधून काढतो. मात्र एखादे चिन्ह कोडमध्ये नाव जुळवून, चालत्या अ‍ॅपमध्ये शोधले जात असेल, तर त्याचा वापर या तपासणीला दिसत नाही. अशा फाइलींची नावे कीप यादीत (काढू नयेत अशा फाइलींच्या यादीत) नोंदवावीत आणि त्यांना वगळूनच बाकीच्या फाइली काढाव्यात.