खाडीकाठी जमीन किंवा होडी आहे? या चुका टाळा

कोकणात खाडीकाठच्या जमिनीचा व्यवहार सातबारा बघून होतो आणि घोळाची सुरुवात तिथेच होते. सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं, क्षेत्र असतं, पण भरतीची रेषा नसते. सीआरझेडचा, म्हणजे किनारी बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याचा, सगळा हिशेब त्या रेषेपासून सुरू होतो. २०१९च्या अधिसूचनेप्रमाणे खाडीकाठी भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी तेवढा पट्टा त्यात येतो. म्हणून विसार देण्याआधी गटनंबर घेऊन किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा बघा. दलालाचं ‘सगळे बांधतात हो’ हे काही परवानगीपत्र नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते: ‘तिवरं (खाऱ्या चिखलात वाढणारी कांदळवनाची झाडं) माझ्या जागेत, म्हणजे माझीच.’ मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८च्या निकालात राज्यभर कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आहे. जमीन कोणाची, क्षेत्र किती, हे त्यात बघितलं जात नाही. सगळ्या बाजूंनी ५० मीटरपर्यंत बांधकाम आणि राडारोडा टाकणंही बंद.

यात खारभूमीचा, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीचा, शेतकरी खरोखर भरडला जातो. बांध फुटतो, दुरुस्ती वेळेवर होत नाही, खारं पाणी शिरून भातशेती बसते आणि काही वर्षांत तिथे तिवरं उभी राहतात. मग कोणीतरी सल्ला देतो, रात्री जेसीबी लाव. तक्रार रास्त असली तरी त्या रात्रीनंतर आरोपी तुम्हीच. त्यापेक्षा बांध फुटला त्याच आठवड्यात तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, खारभूमी विभागाला लेखी अर्ज द्या आणि पोच घेतलेली प्रत जपून ठेवा. रोपं उगवण्याआधीचा हा कागदच पुढे तुमच्या बाजूने बोलतो.

उलटंही होतं. तिवरं आपोआप वाळू लागतात आणि लोक रोग शोधत बसतात. आधी पाणी बघा. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. भरावाखाली ती गाडली गेली किंवा पाणी कायम तुंबून बुडालेली राहिली, तर झाड गुदमरतं. रस्त्याखालची मोरी बुजली आहे का, नवा बांध पडला आहे का, हे भरतीला आणि ओहोटीला अशा दोन्ही वेळा जाऊन पाहा. तारीख-ठिकाणासह फोटो काढून तहसीलदार आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे तक्रार द्या. पाणथळ जागांच्या २०१७च्या नियमांवर बोट ठेवून अर्ज करू नका. सीआरझेडमधल्या जागा त्या नियमांतून वगळल्या आहेत, त्यामुळे अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

आता होडी. ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला की खाजगी धक्का बांधता येतो, हा समज सोडा. लहान बंदरं महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत. तिथली परवानगी लागते आणि वर सीआरझेडचीही. मासेमारी नौकेची नोंदणी मात्र मत्स्यव्यवसाय विभागाकडे. होडी कुठे नांगरायची ते बंदर निरीक्षकाला विचारा. ये-जा करणाऱ्या बोटींच्या वाटेत नांगर टाकलात तर पहिला वाद शेजाऱ्याशीच होईल. दोर तिवराला बांधू नका, साल सोलली जाते.

होडी सकाळी जागेवरून सरकलेली दिसली, तर बहुतेक वेळा दोर आखूड असतो. ओहोटीला दोन मीटर पाणी बघून दोर सोडला आणि उधाणाला तिथेच पाच मीटर झालं, तर नांगर उचलला जातो. भरतीच्या खोलीच्या निदान पाचपट दोर हवा, म्हणजे इथे २५ मीटर. तेवढ्या दोरावर होडी वाऱ्याबरोबर गोल फिरते, त्या घेरात दुसरी होडी नको.

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. होडी शाकारायची, म्हणजे पावसाळ्यासाठी काठावर ओढून झाकून ठेवायची, जागा मे महिन्यातच ठरवा. ऐनवेळी घाईत होडी ओढली जाते ती नेमकी काठच्या कोवळ्या रोपांवरून.