बॉनेव्हिलचं मीठ जुन्या गाडीतून कसं काढायचं

१९४९ पासून अमेरिकेतल्या युटा राज्यात, बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर स्पीड वीक हा गाड्यांच्या वेगाच्या शर्यतींचा मेळा भरतो. ऑगस्टमध्येही तिथलं मीठ ओलसर असतं. चाकांनी उडवलेला हा गाळ गाडीखाली चिकटतो आणि वाळला की सिमेंटसारखा घट्ट बसतो. म्हणून पहिली धुलाई ओलं असतानाच करायची.

लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने ढेकळं पाडा. मग बागेत गवताला पाणी घालायचा स्प्रिंकलर गाडीखाली ठेवा आणि जागा बदलत तीन-चार तास चालू द्या. जोराच्या प्रेशर वॉशरचा मोह आवरा. तो बेअरिंगच्या सीलमधून आणि पत्र्याच्या सांध्यांतून खारं पाणी आत ढकलतो. व्हिनेगरचीही गरज नाही. मीठ साध्या पाण्यातच विरघळतं, वेळ मात्र द्यावा लागतो.

आता चाकं काढा. ब्रेक ड्रमच्या आत, ब्रेक शूजच्या स्प्रिंगमागे पांढरी पूड हमखास सापडते. चॅसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) बंद नळ्यांत पाणी सोडा, खालच्या भोकातून येणारं पाणी चाखून पाहा. खारट लागलं तर पुन्हा. वायरिंगचे कनेक्टर सुटे करून धुवा, हवेने वाळवा, डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारं, ओल रोखणारं ग्रीस) लावा. अ‍ॅल्युमिनियममध्ये बसवलेले स्टीलचे बोल्ट तर काढायलाच हवेत. दोन धातूंमध्ये खारं पाणी राहिलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, आणि पुढच्या वर्षी बोल्टाबरोबर आटेही हातात येतात. बसवताना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा.

आठवड्याने पुन्हा पाहा: सांध्यांतून पांढरी रेघ फुटली असेल, तर तिथे मीठ उरलं आहे.