आधी खूर, मग घोडा

इतिहासाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागून मला एकवीस वर्षं झाली. घोडे किती काढले याची मोजदाद नाही, पण पहिला छापून आलेला घोडा लख्ख आठवतो. सिकंदर त्याच्या ब्यूसिफॅलस या घोड्यावर स्वार झालाय, मागे धूळ उडतेय, सिकंदराचा पाय रिकिबीत घट्ट रोवलेला आणि घोड्याच्या उचललेल्या खुराखाली चकाकणारा नाल. महिनाभर खपून काढलेलं चित्र होतं. पुस्तक बाजारात आलं आणि एका निवृत्त पशुवैद्यांचं पत्र आलं. त्यांनी फार शांतपणे लिहिलं होतं की सिकंदर इसवी सनापूर्वी ३२३ मध्ये वारला आणि माझ्या चित्रातली रिकीब व ठोकलेला नाल या दोन्ही गोष्टी त्याच्यानंतर कित्येक शतकांनी आल्या. चेहरा, चिलखत, भाला सगळं मी तपासलं होतं. पाय तपासले नव्हते.

तेव्हापासून मी चित्र खालून वर काढते. आधी जमीन, मग घोड्याचे खूर, मग स्वाराचे पाय आणि सगळ्यात शेवटी चेहरे. नव्या मुलांना मी हीच पद्धत शिकवते, कारण चित्र कोणत्या काळातलं आहे हे पायांवरून जितकं कळतं तितकं तलवारीवरून कळत नाही.

सुरुवात स्वतःच्या हातापासून करा. तळहात टेबलाकडे करून फक्त मधल्या बोटाचं टोक टेकवा आणि मनगट उंच उचला. घोड्याचा पुढचा पाय तो हाच. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो तो खरं तर मनगटाचा सांधा आहे. मागच्या पायात मध्यावर जो कोन मागे निघालेला दिसतो, तो घोटा आणि टाच. खरा गुडघा वर, पोटाला लागून असतो. एवढं एकदा डोक्यात बसलं की मागचे पाय उलटे मुडपलेले काढण्याची चूक आपोआप थांबते.

आता खूर. बहुतेक चित्रांत तो उपड्या घातलेल्या पेल्यासारखा दिसतो, चारी बाजूंनी सारखा. तसा तो नसतो. बाजूने पाहिलं तर खुराची पुढची कड जमिनीशी साधारण ५० अंशांचा कोन करते आणि खुराच्या वरचं आखूड हाड त्याच तिरप्या रेषेत पुढे जातं. ही रेषा मध्येच मोडली की घोडा लंगडा वाटतो. केस संपून खूर सुरू होतो ती कडा आडवी नसते, ती मागच्या बाजूला उतरत जाते. पुढचे खूर जास्त गोल, मागचे थोडे अरुंद आणि टोकाकडे निमुळते. मी चारही खूर आधी नुसते ठोकळ्यांसारखे मांडून घेते, प्रत्येकाचा तळ जमिनीच्या दृष्टिरेषेत आहे ना ते बघते आणि मगच वर पाय चढवते. यात अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

नाल काढायचा असेल तर नालबंदाचं काम एकदा तरी समोर उभं राहून बघा. मी पाहिलं तेव्हा गरम नाल खुरावर टेकला आणि जळक्या केसांच्या वासाचा धूर उठला. घोडा मात्र निवांत उभा होता, कारण खुराच्या भिंतीला नखासारखीच संवेदना नसते. खिळा खालून आत जातो, भिंतीतून तिरका बाहेर येतो, बाहेर आलेलं टोक मोडून उरलेला भाग खुरावरच ठोकून बसवतात. म्हणून नाल मारलेल्या खुराच्या बाहेरच्या बाजूला, खालून साधारण एक तृतीयांश उंचीवर, बारीक ठिपक्यांची एक ओळ दिसते. उभ्या घोड्याचा नाल बाजूने पाहिला तर एक पातळ पट्टीच दिसते; अख्खी चंद्रकोर पाय मागे दुमडल्याशिवाय दिसत नाही. चित्रकार ती दाखवायच्या मोहात खूर नको तेवढा वळवतात. आणखी एक: खिळे टाचेकडे मारत नाहीत, कारण वजन पडलं की खुराचा मागचा भाग किंचित फाकतो आणि त्याला मोकळीक लागते. तेव्हा चित्रात खिळ्यांची भोकं पुढच्या आणि मधल्या भागातच ठेवा. त्या नालबंदाने दिलेला एक जुना नाल माझ्या टेबलावर असतो. तो पुढच्या टोकाला झिजून पातळ झालाय, खिळ्यांची डोकी सपाट झालीत. लांबचा पल्ला मारून आलेल्या फौजेचे घोडे काढताना मी तो समोर ठेवते. खूर महिन्याला सुमारे ६ ते १० मिलिमीटर वाढतो आणि सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून पुन्हा बसवावा लागतो. दोन महिने चाललेल्या मोहिमेतल्या घोड्याचे खूर नुकत्याच तासलेल्या खुरांसारखे नेटके दिसणार नाहीत.

पण नाल काढायचा की नाही हा प्रश्न आधी सुटला पाहिजे. ग्रीक आणि त्याआधीच्या काळासाठी उत्तर सरळ आहे: काढू नका. झेनोफन या ग्रीक लेखकानं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर लिहिताना तबेल्याबाहेर गोल दगड पसरायला सांगितलं आहे, म्हणजे त्यावर उभं राहून खूर टणक होतील. ज्यांच्याकडे ठोकायचे नाल होते, त्यांना ही युक्ती कशाला लागली असती? रोमन काळात लोखंडी तळ असलेला एक प्रकारचा जोडा पट्ट्यांनी खुराला बांधत, पण तो हळू चालणाऱ्या किंवा दुखऱ्या पायाच्या जनावरासाठी. भरधाव घोड्याच्या पायात तो कधीही दाखवू नका. खिळ्यांनी ठोकलेल्या नालाचा स्पष्ट लेखी उल्लेख इ.स. ९०० च्या सुमारास बायझंटाइन सम्राट सहावा लिओ याच्या युद्धशास्त्राच्या ग्रंथात येतो. त्यानंतरच्या युरोपीय चित्रात नाल बिनधास्त काढा, पण आजच्यासारखा गुळगुळीत नको. मध्ययुगातल्या कित्येक नालांची बाहेरची कड लाटांसारखी वळणाची आहे, कारण पातळ पट्टीत भोक पाडताना लोखंड बाजूला फुगायचं. सगळे नाल एका साच्यातले वाटावेत असं चित्र एकोणिसाव्या शतकातलंच शोभतं. अमेरिकेत हेन्री बर्डन यानं १८५७ मध्ये पेटंट घेतलेलं यंत्र मिनिटाला ६० नाल पाडत असे.

जपानचं चित्र काढणार असाल तर इथे जरा थांबा. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत घोड्याला सर्रास गवताच्या पेंढ्याचे जोडे घालत, माणसाच्या पायातल्या पेंढ्याच्या चपलांचेच भाऊबंद. जपानी चित्रकार हिरोशिगेनं १८५७ मध्ये एदो (आजचं टोकियो) शहराच्या दृश्यांच्या मालिकेत नायतो शिंजुकूचं जे चित्र केलं, त्यात घोड्यांचे मागचे पाय अगदी जवळून येतात आणि ते पेंढ्याचे जोडे स्पष्ट दिसतात. मला हे चित्र फार प्रिय आहे. घोड्याच्या पायातल्या एका वस्तूकडे इतक्या जवळून, इतक्या प्रेमानं पाहणारा चित्रकार क्वचितच भेटतो. सामुराई स्वाराची रिकीबही वेगळी: बंद कडी नव्हे, तर अख्खं पाऊल मावेल अशी उघड्या सपातेसारखी.

यावरून रिकिबीकडे येते. सांचीच्या स्तूपावरच्या शिल्पांत पायाचा अंगठा अडकवायचा दोरीचा फास दिसतो, म्हणजे त्या चित्रात स्वाराचं पाऊल उघडं हवं. बूट घालून अंगठा कसा अडकवणार? दोन्ही बाजूंच्या पक्क्या रिकिबी चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून दिसतात. नानजिंगजवळच्या ३२२ सालच्या थडग्यातल्या मातीच्या घोड्याला त्या आहेत आणि ४१५ मध्ये वारलेल्या फंग सूफू या सरदाराच्या थडग्यात तर खरी जोडीच मिळाली. त्याहून कितीतरी आधीच्या, चीनच्या पहिल्या छिन सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेल्या मातीच्या सैन्यातल्या घोड्यांवर खोगीर आहे, रिकीब नाही. युरोपात ती सहाव्या शतकाच्या शेवटी पोचली. तेव्हा रोमन स्वार, अथेन्सच्या पार्थेनन मंदिराच्या शिल्पपट्टीवरचे तरुण, सिकंदर, सगळे रिकिबीविना.

आणि रिकीब पुसून टाकली म्हणजे काम झालं असं नाही, सगळं बसणंच बदलतं. रिकिबीविना पाय सैल लोंबतो, पावलाची बोटं खाली झुकतात, पकड मांड्यांची असते. पार्थेननच्या शिल्पांत हे इतकं सुंदर आहे की मी महिना-महिना तेवढेच पाय काढत बसले आहे. याउलट फ्रान्समधल्या बेयूच्या भरतकामातले नॉर्मन स्वार बघा. अकराव्या शतकातलं, सुमारे ७० मीटर लांबीचं ते कापड आहे. तिथे रिकिबी लांब, पाय जवळजवळ सरळ आणि पुढे रेटलेले. भालाधारी स्वाराला आजच्या शर्यतीतल्या जॉकीसारखे गुडघे मुडपून बसवलं की सगळं चित्र खोटं पडतं. याच कापडावरून मी एक सोय उचलली: तिथे घोड्याचे पलीकडचे पाय वेगळ्याच रंगाच्या धाग्यानं भरलेत. गर्दीच्या लढाईत मी कच्च्या आराखड्यात पलीकडचे पाय निळ्या पेन्सिलीने काढते. दहा घोड्यांचे चाळीस पाय मोजून जुळवायला दुसरा सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

स्वाराच्या जोड्यांबद्दल थोडक्यात, कारण प्रत्येक देशाची गोष्ट वेगळी आहे आणि ती त्या त्या काळातल्या वस्तू पाहूनच काढावी. तरी सतत दिसणाऱ्या काही चुका सांगते. पहिली, टाच. मध्ययुगीन युरोपातला जोडा सपाट तळाचा. उंच टाच ही इराणी स्वारांची रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून केलेली सोय, ती युरोपात सोळाव्या शतकाच्या अगदी शेवटी आली. दुसरी, डावा-उजवा. सतराव्या-अठराव्या शतकातले बहुतेक युरोपीय जोडे दोन्ही पायांना एकाच साच्यावर शिवलेले असत. जमिनीवर पडलेली जोडी काढताना दोन्ही तळ एकसारखे आणि सरळ काढा. तिसरी, टाचेला लावायची आर. तेराव्या शतकाच्या आधी ती साध्या टोकाची, फिरणारी चांदणी नंतरची. चौथी, लांब टोकाचे जोडे. ते चौदाव्या-पंधराव्या शतकातले. इंग्लंडमध्ये १४६३ च्या कायद्यानं सामान्यांच्या जोड्याच्या टोकावर दोन इंचांची मर्यादा घातली होती. म्हणून असा जोडा शेतकऱ्याच्या पायात काढण्याआधी विचार करा. गुडघे टेकलेला माणूस काढताना तळ दिसतोच, तिथे हयगय करू नका. त्याच छिन सैन्यातल्या गुडघा टेकून बसलेल्या धनुर्धराच्या जोड्याच्या तळावर घडवणाऱ्यानं शिवणीचे टाके एकेक करून कोरले आहेत. तो पुतळा पुरला जाणार होता, तळ कुणाला दिसणारही नव्हता, तरी कोरले.

आता घोडा चालवू. साध्या चालीत पाय चार ठेक्यांत पडतात: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. दुडकीत कर्णरेषेतले दोन पाय एकत्र. भरधाव वेगाचं चित्र मात्र शतकानुशतकं चुकत आलं. १८२१ मध्ये फ्रेंच चित्रकार जेरिकोनं काढलेल्या इंग्लंडमधल्या एप्समच्या शर्यतीत घोडे पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून हवेत तरंगतात. १८७८ च्या जूनमध्ये छायाचित्रकार मायब्रिजनं कॅलिफोर्नियात एका ओळीत कॅमेरे लावून धावत्या घोडीची छायाचित्रं घेतली, तेव्हा दिसलं की चारही खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झाल्यावर. मेसोनिएसारख्या नावाजलेल्या फ्रेंच चित्रकाराला ते पाहून आपलं काम पुन्हा तपासावंसं वाटलं. त्यानं तर घोड्याच्या बरोबरीनं जात रेखाटता यावं म्हणून रूळ टाकून घेतले होते. माझं मत असं: चित्र जर जुन्या शैलीतच करायचं ठरलं असेल तर ताणलेली झेप ठेवा, ती त्या शैलीची भाषा आहे. बाकी ठिकाणी मायब्रिजची छायाचित्रं समोर ठेवा.

उंचीही बघा. मध्ययुगीन युरोपातले लढाईचे घोडे आजच्या अवाढव्य ओढकाम्या घोड्यांएवढे नव्हते, बहुतेक सुमारे १४८ सेंटिमीटरच्या आतले होते. चिलखती स्वाराचे पाय घोड्याच्या पोटाखाली थोडे उतरले तर घाबरू नका. मुघल शैलीतला घोडा असेल तर पाय, पोट आणि शेपटीचा खालचा भाग मेंदीनं तांबूस रंगवलेला, रंगाची कड सरळ कापल्यासारखी. हा रंग घाम किंवा रक्त समजून चुकीच्या जागी पसरवलेला मी छापील पुस्तकांत पाहिला आहे.

शेवटचं काम जमिनीचं, जिथून सुरुवात केली तिथलंच. ठसे काढा. बिननालाच्या खुराचा ठसा भरीव, मागच्या बाजूनं आत घुसलेल्या त्रिकोणी खाचेसह. नालाचा ठसा चंद्रकोरीचा, कड खोल आणि मधली माती उथळ. साध्या चालीत मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा जरा पुढे पडतो, म्हणून ठसे जोडीजोडीनं येतात. भरधाव घोड्याचे ठसे लांब अंतरावर, आणि माती खुराच्या मागे फेकली गेलेली. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात असे चार ठसे आधी काढून ठेवा, त्यांच्यापासून अंतर मोजा आणि घोडा तिथून पुढे उभा करा.