गावच्या किनाऱ्याचा नकाशा घरच्या लॅपटॉपवर कसा करायचा (धूप, पाणथळ आणि माती)

मालवणजवळचं देवबाग बघा, एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरं, रस्ता सगळं. अशा गावात समुद्र आत येतोय हे शेंबडं पोरही सांगेल, पण ग्रामसभेत किंवा तहसीलदारांपुढे ठेवायला कागद लागतो, आणि तो कागद गावातल्या कुणालाही फुकटात करता येतो म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) टाका, फुकट आहे. प्रोजेक्टचं कोऑर्डिनेट सिस्टीम (जागा आकड्यांत मांडायची पद्धत) यूटीएम झोन ४३ उत्तर ठेवा (यादीतला कोड ईपीएसजी ३२६४३), म्हणजे अंतरं सरळ मीटरमधे मिळतात. मग कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या वेबसाइटवर खातं उघडून सेंटिनेल-२ उपग्रहाच्या लेव्हल-२ए (हवेचा परिणाम काढून टाकलेल्या) इमेज घ्या, १० मीटरचा पिक्सेल (इमेजचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर १० मीटर), २०१५ नंतरच्या. त्याआधीचं हवं असेल तर अमेरिकेचा लँडसॅट ५ उपग्रह, १९८४ पासूनचा, पण पिक्सेल ३० मीटरचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इमेज कुठली निवडायची इथेच अर्धी लढाई आहे. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि नंतर पुळण (किनाऱ्याची वाळू) परत भरते, त्यामुळे एका वर्षीचा ऑक्टोबर आणि दुसऱ्या वर्षीचा मार्च ठेवून धूप मोजली तर ती खोटी. फेब्रुवारी-मार्चशी फेब्रुवारी-मार्चच जोडा. आणि भरती बघा! पुळणीचा उतार ३० ला १ असेल आणि दोन इमेजमधे पाण्याची पातळी दीड मीटरने वेगळी असेल तर पाण्याची कड ४५ मीटर सरकलेली दिसते, वाळूचा कणही न हलता. सेंटिनेल आपल्याकडून सकाळी ११ च्या आसपास जातो. आपल्याकडचा जुना हिशोब माहितीच असेल, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. म्हणून कालनिर्णय शेजारी ठेवून जवळजवळ सारख्या तिथीच्या इमेज आधी वेगळ्या काढा, मग सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून पातळी पक्की करा आणि ती लिहून ठेवा.

इमेज मिळाली की क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमधे (पिक्सेलवर गणित करायचं साधन) बँड ३ (हिरवा प्रकाश) वजा बँड ८ (डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश), भागिले त्या दोघांची बेरीज. हाच एनडीडब्ल्यूआय, म्हणजे पाणी ओळखायचा निर्देशांक. शून्याच्या वर साधारण पाणी, खाली जमीन, पण फेस आणि ओली वाळू गोंधळ घालतात म्हणून आकडा थोडा मागेपुढे करून बघा. एक खोच आहे, जानेवारी २०२२ नंतरच्या फाइलींत (आणि नव्याने प्रोसेस केलेल्या जुन्या फाइलींतही) बँडच्या प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवलेले असतात, ते आधी वजा करा नाहीतर दोन वर्षांची तुलना फसते. मग या पिक्सेलच्या चित्राचं (रास्टरचं) पॉलिगॉन, म्हणजे रेषांनी बंद केलेली आकृती, करून किनाऱ्याची रेषा काढा. रस्त्याच्या बाजूला एक बेसलाइन (मोजणीसाठी न हलणारी रेषा) आखा, तिच्यावर दर ५० मीटरला आडव्या रेषा टाका आणि प्रत्येक रेषेवर जुन्या-नव्या किनाऱ्यातलं अंतर मोजून वर्षांनी भागा. १० मीटरच्या पिक्सेलवर ५-७ मीटरचा फरक धूप म्हणून मांडू नका, समोरचा अधिकारी तिथेच पकडेल आणि बाकीचा खरा नकाशाही वाया जाईल.

पाणथळीसाठी दोन इमेज लागतात, एक पाऊस संपल्यावरची आणि एक मे महिन्यातली. दोन्हीत पाणी म्हणजे कायमची, फक्त पहिल्यात म्हणजे हंगामी, आणि हंगामीच आधी भराव घालून गायब होते. इस्रोच्या पाणथळ अॅटलासमधे २.२५ हेक्टरपेक्षा लहान जागा नुसत्या ठिपक्याने दाखवल्यात, त्यांची हद्द तुम्हालाच आखावी लागेल. कांदळवन मात्र एनडीडब्ल्यूआयमधे पाणी म्हणून दिसत नाही, ते हिरवळीच्या निर्देशांकात दिसतं आणि माडांत मिसळतं, तिथे पायी फिरून जीपीएस पॉइंट घेणं आलंच. कंटाळा करू नका, कारण सीआरझेडमधे (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे सरकारी नियम) १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाला ५० मीटरचा बफर (भोवतीचा संरक्षित पट्टा) मिळतो.

मातीचं सांगायचं तर तयार नकाशांवर फार विसंबू नका. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचा राज्याचा नकाशा १:२,५०,००० चा आहे, म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५० मीटर, त्यात तुमची खारजमीन आणि शेजारचा जांभा एकाच रंगात येऊ शकतात. त्यापेक्षा वाडीतल्या लोकांच्या मृदा आरोग्य पत्रिका गोळा करा, त्यात पीएच (आम्ल-विम्लता) आणि ईसी (खारटपणा दाखवणारा आकडा) असतो, शेताचा पॉइंट टाकून ईसीप्रमाणे रंग द्या. खारं पाणी बांध किंवा उघाडीतून (बांधातली पाणी सोडायची झडप) कुठवर शिरतंय ते लगेच कळतं.

फुकट मिळणारे जमिनीच्या उंचीचे डेटा (अवकाशातून मोजलेला एसआरटीएम वगैरे) वापरून "इथवर पाणी येईल" असा नकाशा अजिबात करू नका. त्यात माडांच्या शेंड्यांची उंची मिसळलेली असते, जमीन आहे त्यापेक्षा उंच दिसते, आणि लोक त्यावर विश्वास ठेवून घर बांधतील.

शेवटी नकाशाच्या कोपऱ्यात प्रत्येक इमेजची तारीख, वेळ, भरतीची पातळी आणि पिक्सेल लिहा, आणि ही रेषा म्हणजे सीआरझेडची अधिकृत भरतीरेषा नाही हेही स्पष्ट लिहा, ती ठरवण्याचा अधिकार नेमलेल्या संस्थांनाच आहे. सोबत बुडालेल्या विहिरी आणि पडलेल्या माडांचे जीपीएसवाले फोटो जोडा आणि ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या.