पद्मिनीची ताकद वाढवायची? आधी हरवलेली परत मिळवा

जुन्या प्रीमियर पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन कात्रजच्या घाटात धापा टाकायला लागलं, की लगेच हेड (इंजिनचं वरचं झाकण) घासून कॉम्प्रेशन वाढवायचा किंवा मोठा कार्बोरेटर बसवायचा विचार करू नका. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, गेज लावून तपासा: इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून कमी दाखवत असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह. हे दुखणं असेल तर ट्यूनिंगवरचा सगळा खर्च पाण्यात.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप, त्यानंतरच टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. गॅप बदलला की टायमिंग सरकतं. कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, हवा थोडी विरळ, त्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण जरा पेट्रोलकडे झुकतं. प्लगचं टोक बिस्किटी रंगाचं हवं. काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढरं पडलं तर कमी.

चढावर खडखड ऐकू आली तर टायमिंग किंचित मागे घ्या, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल. तो आवाज चालवून घेऊ नका, पिस्टन जातात.