नाक मोठं येत होतं, पण दोष लेन्सचा नव्हता (माझा अनुभव)

बहिणीचे क्लोजअप काढत होतो, २४ एमएमची वाइड (जास्त भाग टिपणारी) लेन्स लावून अगदी जवळून, आणि दर फोटोत नाक पुढे आलेलं, कान मागे गेल्यासारखे, चेहरा तिचा वाटेचना. लेन्सच खराब आहे असं धरून मी ती बदलायला निघालो होतो.

मग एक टेस्ट केली, तुम्हीपण एकदा करून बघाच. ट्रायपॉड एकाच जागी ठेवून २४ वर आणि ८५ वर एकेक फोटो काढला, २४ चा क्रॉप करून ८५ एवढा केला, तर दोन्हीत चेहऱ्याची ठेवण सेम टू सेम! म्हणजे पर्स्पेक्टिव्ह (जवळच्या-लांबच्या गोष्टी एकमेकांच्या मानाने केवढ्या दिसतात ते) ठरतं ते अंतरावरून, फोकल लेन्थ (लेन्सचा २४, ८५ हा एमएममधला आकडा) फक्त फ्रेममध्ये किती भाग येणार ते ठरवते. नाकाच्या टोकापासून कान साधारण १२ सेंमी मागे असतो, ४० सेंमीवरून काढलं की नाक कानाच्या मानाने ३० टक्के मोठं येतं, २ मीटरवरून जेमतेम ६ टक्के.

आता आधी दोन मीटर मागे जातो, मगच ८५ लावतो. पहिला फोटो स्क्रीनवर बघितला तेव्हा खूप बरं वाटलं, अगदी तिचाच चेहरा.

मागचा डोंगर मोठा हवा असेल तरी हेच, २४ ऐवजी १०० एमएम लावून चौपट अंतरावर गेलात की माणूस तेवढाच राहतो आणि डोंगर चौपट दिसतो, जागेवरूनच झूम केलं तर दोघंही सारखेच वाढतात. फक्त वाइड लेन्सवर चेहरा फ्रेमच्या कडेला ठेवू नका, तिथे तो ताणला जातो.